कातळावरचं आणि कागदावरचं

गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थिनी भेटायला आली. पीएचडीचं दुसरं वर्ष, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "मॅडम, पेपर छापून कसा आणायचा, जरा सांगाल?" म्हणाली. मी खुर्चीत सरसावून बसले आणि तासभर बोलले. ती गेल्यावर लक्षात आलं, की मी जे करायला हवं होतं ते सगळं तिला सांगून झालं. मी खरंच काय केलं, त्यातलं एक अक्षरही निघालं नाही. ते इथे लिहिते. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवरच्या वनस्पतींवर काम करते. जांभ्याचा उघडा कातळ, सात महिने तव्यासारखा तापलेला, आणि जून ते ऑक्टोबर फुलांनी भरलेला. एवढी ओळख पुरे.

१. नकाराचं पत्र दोन ओळींचं असतं, त्याचं सुतक आपण तेरा दिवस धरतो. पहिला पेपर मी २०१५ साली युरोपातल्या एका नियतकालिकाला पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. इतक्या लवकर उत्तर म्हणजे नक्कीच आवडला असणार, असं वाटून मी ते एसटीत, शेजारच्या बाईला दिसेल असं मोबाइल धरून उघडलं. ‘आमच्या कक्षेत बसत नाही’ एवढाच मजकूर. पुढचे दोन आठवडे मी घरात कोणाशी धड बोलले नाही. मग एकदा त्या नियतकालिकाचे मागचे अंक चाळले. स्थानिक वनस्पतींच्या याद्या ते छापतच नव्हते, एकही नाही. स्थळ सांगून जाताना त्या घरात लग्नाचा मुलगा आहे का, एवढं तरी माणूस विचारतो. मी तेही केलं नव्हतं.

२. मला नियमानं फसवलं, असं मी बरीच वर्षं सांगत होते. ते निम्मंच खरं आहे. तेव्हा शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगानं ही अट २०२२ च्या नव्या नियमावलीत काढली, पण माझं घोडं अडलं होतं २०१७ मध्ये. मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. पीएचडी नाही तर मुलाखत नाही, मुलाखत नाही तर कायम नोकरी नाही. अशात मला ‘थोर प्राध्यापक’ म्हणून संबोधणारा एक ईमेल आला. तोवर मला कोणी ‘मॅडम’च्या पुढे नेलं नव्हतं. नियतकालिकाच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘प्रगत’ हे दोन्ही शब्द होते, ते आयोगाच्या मान्य यादीतही होतं, आणि फी तीन हजार रुपये. चौथ्या दिवशी पेपर स्वीकारला गेला, दहाव्या दिवशी छापला गेला, आणि सोबत सोनेरी महिरपीचं प्रमाणपत्र आलं. आईनं त्याला लॅमिनेशन करून शोकेसमध्ये, माझ्या बालवाडीतल्या वेशभूषेच्या बक्षिसाशेजारी ठेवलं.

चार दिवसांत कोणी पेपर तपासत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच माझ्या मार्गदर्शक सरांना मी पैसे भरल्यानंतर सांगितलं.

पुढच्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये एक अभ्यास आला. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं पारखली होती. सुमारे ८८ टक्के कसोटीला उतरली नाहीत. कोणाचा पत्ताच नाही, कोणाचे संपादक कोण ते कळत नाही, कोणी आयएसएसएन क्रमांकच चुकीचा दिलेला. मे २०१८ मध्ये आयोगानं एका फटक्यात ४,३०५ नावं वगळली. त्यात माझं नियतकालिकही गेलं. मग पुण्यात ‘केअर’ यादीचं काम सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून, चांगलं-वाईट तुमचं तुम्हीच निकष लावून ठरवा, असं सांगण्यात आलं. नवी मुलं यावर वैतागतात. मला मात्र गंमत वाटते. यादी होती तेव्हा माझ्यासारख्यांनी यादीच्या आड लपून जे केलं, ते आता उघड्यावर करावं लागेल.

पण खरी बोच तीन हजारांची नव्हे. त्या पेपरात एक चूक होती. ती मला पुढे कळली, आणि तोवर दोघांनी तो पेपर आधार म्हणून वापरला होता. दुरुस्ती छापा म्हणून लिहायला गेले, तर ईमेल परत आला आणि संकेतस्थळ उघडेना. चुकीची माहिती जगात सोडून द्यायला मी पैसे मोजले होते, ती परत बोलवायला मात्र दारच नव्हतं.

३. रिव्ह्यूअर बहुतेक वेळा दुष्ट नसतो, आणि ते फार त्रासाचं असतं. दुष्ट असता तर दुर्लक्ष करता आलं असतं. वरची चूक पकडली ती अशाच एकानं, जेव्हा तोच ऐवज वाढवून मी एका बऱ्या नियतकालिकाकडे पाठवला. विषय होता गेंद. पावसाळ्यात सड्यावर पांढऱ्या बटणांसारखी फुलं डोलतात ना, ती. वरून बघितलं तर बऱ्याच जाती सख्ख्या बहिणी. खरी ओळख पटते ती फुलाचे अवयव सुटे करून आणि बी पाहून, आणि बी मोहरीहून कितीतरी बारीक. तिच्या पृष्ठभागावरची नक्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसते. रिव्ह्यूअरनं तीन पानं लिहिली होती. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: बियांची छायाचित्रं कुठे आहेत?

मी रात्री बसून कडकडीत उत्तर लिहिलं. सरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "फार छान लिहिलंय. आता हे ठेवून द्या, आणि बिया बघून या." विद्यापीठातल्या यंत्राची वेळ मिळायला दीड महिना गेला. पडद्यावर बिया आल्या, आणि पाच नमुन्यांपैकी दोन मी म्हणत होते त्या जातीचे नव्हतेच. तो कोण, कुठला, मला आजही माहीत नाही. पण माझा पेपर माझ्या आईखालोखाल इतकं मन लावून त्यानंच वाचला असेल.

आता मला स्वतःला तपासायला पेपर येतात. एका पेपरला दोन रविवार जातात, मोबदला शून्य, नाव कुठे नाही. एकदा रात्री साडेअकराला, भांडी उरकून, मी कोणा अनोळखी पोराच्या पेपरावर ‘लेखकाला विषयाची प्राथमिक जाण नाही’ असं लिहिलेलं माझं मलाच दिसलं. पुसलं. त्याऐवजी विचारलं, बियांची छायाचित्रं कुठे आहेत.

४. वाईट इंग्रजीपेक्षा घाबरलेलं इंग्रजी जास्त वाईट. माझं प्रत्येक वाक्य ‘असे नमूद करण्यात येते की’च्या चालीवर सुरू व्हायचं, तलाठ्याच्या पंचनाम्यासारखं. सर म्हणायचे, "आधी मला मराठीत सांगा काय दिसलं. मग तेवढंच लिहा." आणि ‘सडा’ हा शब्द मी वर्षानुवर्षं ‘लॅटेरिटिक प्लॅटो’ असा धुऊन लिहीत होते. एका पेपरात चुकून रोमन लिपीत ‘सडा’ तसाच राहिला. संपादकानं तो तिरपा करून ठेवला, अर्थ विचारला, आणि छापला.

५. माझ्या नावाच्या दोन बायका आहेत, हे मला लग्नानंतर कळलं. पहिले दोन पेपर माहेरच्या आडनावानं, तिसरा सासरच्या, चौथ्यात उत्साहाच्या भरात दोन्ही आडनावं आणि मधलं आद्याक्षर वडिलांचं. गूगल स्कॉलरवर माझे तुकडे झाले. एकीला उद्धरणं होती आणि दुसरीला नोकरी. मुलाखतीत तज्ज्ञांनी विचारलं, "या दुसऱ्या बाई तुमच्या सहलेखिका का?" ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक असतो, २०१२ पासून मिळतो, फुकट, दहा मिनिटांचं काम; तो घेतला की नाव कितीही बदला, पेपर तुमच्याच मागे येतात. मी तो घेतला २०२१ मध्ये. लग्नपत्रिकेचा मजकूर चार वेळा तपासला होता आम्ही. हे कोणाला सुचलं नाही. नावांचंच निघालं आहे तर, एका पेपरावर मी अशा एका वरिष्ठांचं नाव घातलं आहे ज्यांनी तो लिहून होईपर्यंत पाहिलाही नव्हता. का घातलं, ते कॉलेजात नोकरी करणाऱ्याला सांगायला नको.

६. ज्ञान मुक्त असावं, यावर माझं भाषण तयार आहे. फक्त बिल कोण भरणार, तिथे ते अडखळतं. माझा चौथा पेपर बऱ्या ठिकाणी आला, आणि आमच्या कॉलेजात तो उघडेना. स्वतःचाच पेपर वाचायला मला चाळीसेक डॉलर मागण्यात आले. सगळ्यांना खुला करायचा तर लेखकानं पैसे भरायचे. किती? ‘नेचर’नं २०२१ पासून लेखकाला दिलेल्या खुल्या प्रकाशनाच्या पर्यायाचा दर ठेवला साडेनऊ हजार युरो, म्हणजे तेव्हाचे आठ लाखांहून जास्त रुपये. ‘नेचर’ माझी वाट पाहत नव्हतं, हे खरं. पण लहान नियतकालिकांचे आकडेही तासिकेच्या मानधनातून निघणारे नसतात, आणि ते मानधन तरी कुठे महिन्याच्या महिन्याला येतं.

मला फार उशिरा कळलेली साधी गोष्ट ही, की आपण लिहिलेला, स्वीकारला गेलेला, पण त्यांच्या साच्यात न बसवलेला मसुदा बहुतेक प्रकाशक ठरावीक मुदतीनंतर आपल्याला खुला ठेवू देतात. करारात लिहिलेलं असतं. मी करार वाचला नव्हता, बँकेच्या फॉर्मसारखी खूण केली तिथे सही केली होती. भौतिकशास्त्रातले लोक तर १९९१ पासून आपले मसुदे ‘अर्काइव्ह’वर छापण्याआधीच ठेवतात. जीवशास्त्राचं ‘बायोअर्काइव्ह’ २०१३ मध्ये आलं. (नव्या जातीचं नाव मात्र असं आधी ठेवू नये, नाव ग्राह्य कधी धरायचं याचे वनस्पतीशास्त्रात वेगळे नियम आहेत, आणि त्यात घोळ झाला की तो पुढच्या पिढीला निस्तरावा लागतो.) आता ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ आली आहे: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिकं. सुरुवात सरकारी संस्थांपासून. आमचं कॉलेज खासगी संस्थेचं.

त्यामुळे मी अजून जुनाच उपाय करते. लेखकाला पत्र लिहिते. एकदा परदेशातल्या एका वयोवृद्ध अभ्यासकाला भीतभीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागितलेला पेपर पाठवला, न मागितलेले तीन पाठवले, आणि विचारलं, यंदा तुमच्याकडे पाऊस कधी लागला?

७. सगळं उघड करणं म्हणजे प्रामाणिकपणा, असं मला वाटायचं. एका पेपराला मी नमुन्यांच्या जागांचा तक्ता जोडला, अक्षांश-रेखांश चार दशांशांपर्यंत. चार दशांश म्हणजे दहा-बारा मीटर. त्या आकड्यांवर चालत गेलं तर पायाखालीच झाड. त्यातली एक कंदवर्गीय वनस्पती फारच मोजक्या सड्यांवर आहे. पुढच्या जूनमध्ये गेले, तर जिथे तीसेक रोपं असायची तिथे खड्डे. व्यवस्थित, वीतभर खोल. रानडुकरं असतील, तीही कंद उकरतात. पण डुक्कर उकरतं तेव्हा माती चहूकडे उडते. इथे ती एका बाजूला नीट सारलेली होती. माझ्या तक्त्यामुळेच झालं, हे मी सिद्ध करू शकत नाही. झालं नाही, हेही नाही. त्या वनस्पतीचं नाव मी इथे लिहीत नाही. एवढं तरी शिकावं माणसानं.

आता नेमकी जागा मी वनस्पती संग्रहालयातल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिते आणि पेपरात फक्त तालुका देते. पण त्यानंही झोप लागत नाही. कारण सातबाऱ्यावर हे सडे ‘पोटखराबा’ आहेत. लागवडीला निरुपयोगी, म्हणजे चिऱ्याची खाण काढा, सुरुंग लावून आंब्याची कलमं बसवा, कोणी विचारायचं नाही. ज्या कातळांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं सापडली आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेही कागदोपत्री असंच पडीक. तिथे काही आहे हे कोणी छापलंच नाही, तर तिथे काही नाही असंच धरतात. जागा सांगितली तर खड्डा, नाही सांगितली तर खाण. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. दर पेपराला नव्यानं ठरवते, आणि दर वेळी चुकल्यासारखं वाटतं.

८. आपण कुठे छापतो यावर आपली किंमत ठरू नये, असं वाटणाऱ्यांनी दामोदर कोसंबी आठवावेत. एमएस्सीला जनुकांचे नकाशे शिकताना ‘कोसंबी फंक्शन’ आम्ही घोकलं होतं. हा कोणी जपानी असावा, अशी माझी समजूत. पुढे कळलं, हे तेच, गोव्यात जन्मलेले, प्राचीन भारताच्या इतिहासावर लिहिणारे! ‘अॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये १९४४ साली आलेला तो चार पानांचा पेपर, आणि लिहिणारा फर्ग्युसनमधला गणिताचा प्राध्यापक, ज्याचा जनुकांशी संबंध नाही. आजही जनुकांचे नकाशे करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते नाव आहे. आणि याच माणसानं पुढे रीमानच्या गृहीतकाची आपली सिद्धता छापली, ती कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. ती टिकली नाही, आणि गणितज्ञांच्या जगात हसू झालं ते झालंच. मी हे दोन्ही पेपर मनात शेजारी शेजारी ठेवते. नेमका निष्कर्ष काय काढायचा, कळत नाही. सर म्हणाले, "पहिला चार पानांचा होता, हे लक्षात घ्या."

९. माझा सगळ्यात कडक रिव्ह्यूअर गुरं राखतो. ज्या सड्यावर मी सात पावसाळे काढले, तिथले तात्या. कुठल्या डबक्यात पाणी दिवाळीपर्यंत टिकतं, कुठल्या भेगेत फुरसं असतं, हे त्यांनीच मला दाखवलं. पेपराच्या शेवटी आभारात मी ‘स्थानिक ग्रामस्थ’ लिहिलं होतं. मनाला लागलं म्हणून एका स्थानिक दिवाळी अंकात मराठीतून लेख लिहिला. त्या सहाशे शब्दांना पेपरापेक्षा जास्त दिवस लागले, कारण ‘हे झाड इथेच का?’ या प्रश्नाला मराठीत ‘वितरणात्मक मर्यादा’ म्हणून सुटता येत नाही. पेपराला दोन वर्षांत चार ईमेल आले होते. लेखाला आठवड्यात अकरा फोन. त्यातले दोन चिरेखाणवाल्यांचे, पण आले.

मग एका दुपारी तो लेख आणि पेपराची रंगीत छापील प्रत घेऊन मी तात्यांकडे गेले. पडवीत बसून त्यांनी लेख नातवाकडून वाचून घेतला, मान हलवली. पेपर हातात घेतला, इंग्रजी पानं उलटत चित्रांपर्यंत आले आणि थांबले. सड्याचा फोटो होता, समोर फुलं, मागे तो मोठा उभा दगड, ज्याला गावात वर्षातून एकदा नारळ ठेवतात.

"बाय, ह्यो धोंडा ह्या अंगाला कसा आला?"

मी म्हटलं, "तात्या, मी त्या बाजूनं फोटो काढला असेन."

"त्या बाजूला दरी हाय."

घरी येऊन मूळ फोटो काढून पाहिला. चार फोटोंची चौकट सुबक दिसावी, दोन दगड एकमेकांकडे तोंड करून राहावेत, म्हणून तो मीच संगणकावर आरशासारखा उलटा केला होता. विसरूनही गेले होते. दोन रिव्ह्यूअर, एक संपादक, सर, मी, कोणाच्याही नजरेला ते पडलं नाही. या खेपेला नियतकालिकाला पत्ता होता, संपादकही होते. रात्रीच दुरुस्तीचं पत्र लिहिलं. त्यांच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: चूक कोणाच्या निदर्शनास आली? खाली तीन पर्याय. लेखक, वाचक, संपादक. मी बराच वेळ कर्सर लुकलुकत ठेवला आणि मग ‘वाचक’वर खूण केली. पुढच्या रकान्यात त्या वाचकाची संस्था विचारली होती.